छोटे दिवस कसे धरून ठेवायचे : इंदूरच्या आमच्या घरची रीत

धाकटा सात वर्षांचा असताना एका संध्याकाळी रामबागेतल्या आमच्या गल्लीत कुणीही न धरता सायकल चालवत कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेला आणि परत आला. गुडघा खरचटलेला, पायात एकच चप्पल. तो धावत घरात शिरणार, तेवढ्यात सासूबाईंनी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं. मला म्हणाल्या, ‘निरांजन लाव.’ त्यांनी त्याला ओवाळलं, सायकलच्या हँडललाही कुंकू लावलं आणि हातावर साखर ठेवली. मग दुधाच्या हिशोबाची जुनी वही मागून घेतली आणि मागच्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहिलं, ‘आज सायकल आली.’

त्या ओळीला आता अकरा वर्षं झाली. वही भरली, दुसरी सुरू आहे. गणपती, दिवाळी, पाडवा हे सण कुणी विसरत नाही, अख्खं शहर आठवण करून देतं. दिव्यांची अवस, चंपाषष्ठी, मुलाची पहिली गोल पोळी, कर्जाचा शेवटचा हप्ता हे दिवस मात्र घरात कुणी हाताला धरून बसवले तरच बसतात. आम्ही ते कसे बसवतो, काय चुकलं आणि काय जमलं, ते क्रमाने सांगते.

आधी दोन कॅलेंडरं आणि एक पेन्सिल

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सगळे घरी असतील अशा रात्री, नवं कॅलेंडर टेबलावर पसरा. इंदुरातल्या बहुतेक मराठी घरांप्रमाणे आमच्याकडेही दोन असतात : १९७३ पासून निघणारं कालनिर्णय आणि जबलपूरचं लाला रामस्वरूपचं पंचांग. दोन्ही का लागतात, हे महाराष्ट्रातून नव्याने इकडे आलेल्यांनी नीट समजून घ्यावं, कारण इथेच घोटाळा होतो.

आपला मराठी महिना अमावस्येला संपतो, इथला हिंदी महिना पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हींत महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्षात दिवस तोच राहतो, पण हिंदी पंचांगात महिन्याचं नाव एकाने पुढचं असतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, शेजारच्या भाभींची भादो कृष्ण अष्टमीला. आपली रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला, त्यांची चैत्र कृष्ण पंचमीला. अहिल्याबाई होळकरांचं निधन १३ ऑगस्ट १७९५ चं. इंदुरात त्यांची पुण्यतिथी तिथीने पाळतात, ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला. मराठी घरात तोच दिवस श्रावण वद्य चतुर्दशी. म्हणून तर इथलं सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतं आणि मुलं विचारतात, ‘आई, आपला सोमवार अजून का नाही?’

आमच्या मुलीची पत्रिका इथल्याच गुरुजींनी केलेली. तीत भाद्रपद कृष्ण दशमी लिहिलेलं. मी कालनिर्णयात भाद्रपद वद्य दशमी शोधली आणि सलग तीन वर्षं तिचा तिथीचा वाढदिवस पितृपक्षात केला. चौथ्या वर्षी सासूबाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, ‘अगं, ही झाली तेव्हा गोकुळाष्टमीला दोन दिवस झाले होते. पाळणा अजून सोडला नव्हता.’ तेव्हा कळलं, पत्रिकेतला भाद्रपद म्हणजे आपला श्रावण. तेव्हा नियम असा : जन्म कृष्ण पक्षातला आणि पत्रिका हिंदी पद्धतीची असेल, तर कालनिर्णयात एक महिना मागे जा. शुक्ल पक्षातला असेल तर काहीच करायचं नाही.

अधिक मास आला तर वाढदिवस निज, म्हणजे त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात करतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. मुलांना आवडणारी आणखी एक गोष्ट : दर एकोणीस वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा जवळजवळ एकाच दिवशी येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. म्हणजे एकोणिसावा, अडतिसावा आणि सत्तावन्नावा वाढदिवस. मुलीचा एकोणिसावा आम्ही त्यासाठीच मुद्दाम थोडा मोठा केला.

वर्षाचे बारा, जास्त नाहीत

पहिल्या वर्षी उत्साहाने मी एकतीस दिवसांवर गोल केले. आषाढापर्यंत मी दमले आणि घरचे कंटाळले. तेव्हापासून महिन्याला एक, वर्षाला बारा. निवड सगळ्यांची. प्रत्येकाने निदान दोन दिवस मागायचे आणि ते का हवेत ते सांगायचं. ‘मला त्या दिवशीचं खायला आवडतं’ हे कारण चालतं. खरं सांगायचं तर तेच सगळ्यात टिकाऊ कारण आहे.

आमच्या यादीतले काही दिवस सांगते. चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हं, एका संध्याकाळी, फक्त गल्लीतल्या बायकांना. मार्गशीर्षात चंपाषष्ठी. खंडोबा होळकरांचं कुलदैवत, म्हणून या गावाला तो परका नाही. आमच्याकडे चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी भरीत होऊन पानात येतं. माघात रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालणं. पूर्वी घरात लहान मूल होतं तेव्हा बोरन्हाणही संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या सोयीच्या दिवशी करायचो. फाल्गुनातली रंगपंचमी यादीत धरतच नाही. त्या दिवशी राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, सगळं गाव रस्त्यावर असतं, घरात बसून वेगळं काय करणार!

ज्येष्ठातला आमचा दिवस कॅलेंडरवर सापडत नाही : पहिला खरा पाऊस. खरा म्हणजे पागोळ्या गळायला हव्यात. तो पडला की संध्याकाळी भजी, मग कुणाचं काहीही काम असो.

शेजाऱ्यांकडून घेतलेला एक दिवसही असू द्या. आपल्याकडे पितृपक्षात गोडधोड, समारंभ नसतात. पण माळव्यात त्याच सोळा दिवसांत मुली संजा मांडतात. भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या, संध्याकाळी गाणी आणि प्रसाद, शेवटी किलाकोट, म्हणजे किल्ल्याची मोठी आकृती. आमची मुलगी लहानपणी रोज समोरच्या घरी जायची. नवरात्रात त्या घरच्या मुली आमच्या भोंडल्याला यायच्या. हत्तीभोवती फेर धरताना त्यांना शब्द येत नसत, पण खिरापत ओळखण्यात त्याच पुढे असत.

एक दिवस जवळून : दिव्यांची अवस

ज्यांना एकाच दिवसापासून सुरुवात करायची आहे त्यांना मी हाच सांगते. आषाढातली अमावस्या. खर्च नाही, सुट्टी नको आणि मुलांच्या हाताला भरपूर काम. इथे तिलाच हरियाली अमावस म्हणतात. शेजारी डबे बांधून पातालपाणी किंवा चोरलकडे जातात, रोपं लावतात. आम्ही दोन्ही जोडून टाकलं : सकाळी कुंडीत एक रोप, संध्याकाळी दिवे.

आदल्या रात्री घरातले सगळे दिवे बाहेर काढा. समया, निरांजनं, लामणदिवा, पणत्या, आजोबांचा कंदील, आणि हो, टॉर्चसुद्धा. धाकट्याने एका वर्षी आपला टेबललॅम्प आणून ठेवला, तेव्हापासून तोही रांगेत असतो. पितळेला चिंचेचा कोळ आणि मीठ लावून पाच मिनिटं ठेवायचं, मग जुन्या ब्रशाने घासायचं. समयीच्या खाचांत साठलेली काळी चिकट घाण निघते तेव्हा गरम पाणी आणि थोडी पितांबरी लागतेच. धुऊन लगेच कोरडं पुसा, नाहीतर डाग राहतात. हे काम मुलांना द्या आणि मध्ये बोलू नका. समयीचे भाग सुटे करून पुन्हा जोडताना दोन मुलं अर्धा तास तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, हे मी दरवर्षी पाहते.

खायला कणकेचे गोड दिवे. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी पाणी, दोन चमचे कडकडीत तूप, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात खडे असतात. कणकेला आधी तूप चोळा, मग गुळाचं पाणी थोडं थोडं घाला. सगळं लागेलच असं नाही. पुरीच्या कणकेइतकं घट्ट हवं. सैल झालं की दिवे वाफेवर बसतात आणि वाट्यांच्या बशा होतात. लिंबाएवढी गोळी घेऊन अंगठ्याने मध्ये खळगा करा, एका बाजूला चोच काढा, बूड सपाट करा. तूप लावलेल्या चाळणीत ठेवून पंधरा मिनिटं वाफवा. बाराएक दिवे होतात. त्यातले पाच देवापुढे फुलवाती घालून लावायचे, बाकीचे ताटात. वात शांत झाली की तो दिवाही तुपात बुडवून खायचा. वातीखालचा किंचित जळका भाग कुणाला, यावरून आमच्याकडे दरवर्षी भांडण होतं.

पाटावर वस्त्र, रांगोळी, सगळे दिवे ओळीने, हळद-कुंकू, फुलं. मग घरातले विजेचे दिवे दहा मिनिटं बंद. त्या दहा मिनिटांत कुणी मोबाइल हातात घेत नाही, एवढा एकच दंडक.

रीत एकच ठेवा

प्रत्येक वेळी नवी कल्पना काढायची म्हटलं की तिसऱ्या वेळी सुचत नाही आणि चौथ्या वेळी दिवस बुडतो. आमची रीत अर्ध्या तासाची आणि कायम तीच : औक्षण, एक पदार्थ, वहीत एक ओळ. भेटवस्तू नाही. पदार्थ आणि फुलं मिळून दोनशे रुपयांच्या वर जायचं नाही.

औक्षणाचं तबक कायम तयार असू द्या, हे माझं कळकळीचं सांगणं. निरांजन, कुंकवाचा करंडा, अक्षतांची डबी, सुपारी, काडेपेटी, फुलवातींची पुडी, सगळं एकाच तबकात, देवघराच्या खालच्या खणात. ऑफिसातून साडेसातला दमून आल्यावर सुपारी शोधावी लागली तर माणूस ‘उद्या करू’ म्हणतो. तो उद्या येत नाही.

ज्याला ओवाळायचं त्याला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवा. डोक्यावर टोपी, नाहीतर स्वच्छ रुमाल. आधी कुंकू, त्यावर अक्षता. मग सुपारी आणि सोन्याची अंगठी तोंडाभोवती ओवाळायची, नंतर निरांजन तीनदा. शेवटी हातावर गोड. मोठ्यांना नमस्कार करायचा, लहानांकडून करून घ्यायचा. कोण ओवाळतं यावर आम्ही बंधन ठेवलेलं नाही. मुलाने बहिणीला ओवाळलंय, ह्यांनी मला ओवाळलंय. सासूबाईंना सुरुवातीला ते अवघड गेलं, पण त्यांनीच एकदा म्हटलं, ‘दिवा कोणाच्या हातात आहे ते दिव्याला ठाऊक नसतं.’

पदार्थासाठी चारच पर्याय : शिरा, पोहे-जिलबी, भुट्ट्याचा कीस, आणि थंडीत गराडू या कंदाचे तळलेले तुकडे, जिरावण मसाला भुरभुरून. ज्याचा दिवस, त्याने यातला एक निवडायचा. वर्षातून एकदाच कुणालाही ‘सराफा’ म्हणता येतं. मग रात्री दहानंतर, सोन्याची दुकानं बंद होऊन तिथे खाण्याच्या गाड्या लागल्या की, सगळे मिळून जायचं.

टप्पे कसे ओळखायचे

सण कॅलेंडर सांगतं. टप्पे कोण सांगणार? बहुतेक घरांत हे ओझं आईच्या डोक्यावर येतं आणि मग आईचा टप्पा कुणाच्याच लक्षात येत नाही. मी त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले. एकटी घरून राजवाड्यापर्यंत, भर बाजाराच्या वेळी, जाऊन आले. आठवडा उलटला तरी घरात कुणी काही म्हणालं नाही, आणि मीही बोलले नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं. त्यातून पुढची पद्धत निघाली.

गुढीपाडव्याला नावांच्या चिठ्ठ्या टाकतो. ज्याच्या हाती जे नाव येईल, त्याने वर्षभर त्या माणसाकडे लक्ष ठेवायचं. त्याने नवीन काय केलं, काय संपवलं, कशाला घाबरत होता आणि आता घाबरत नाही, हे बघायचं आणि घरात सांगायचं : ‘आज बाबांसाठी तबक काढा.’ या पद्धतीचा मोठा फायदा हा की मुलं मोठ्यांकडे बघायला लागतात. धाकट्याच्या वाट्याला एका वर्षी आजी आल्या. त्याने वहीत लिहिलं, ‘आजीने स्वतः व्हिडिओ कॉल लावला, पुण्याच्या आत्याला, कुणाला न विचारता.’

काय धरायचं आणि काय नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे. कष्ट संपले तो दिवस धरा, निकालाचा नको. शेवटचा पेपर झाला की आमच्याकडे ओवाळणं होतं, निकालाच्या दिवशी नेहमीचा स्वयंपाक. मुलीला दहावीत सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण मिळाले. शाळेतून ऐकायचं ते तिने ऐकलंच. पण घरी शिरा महिन्यापूर्वीच होऊन गेला होता, आणि वहीत तिच्या आजीची ओळ होती, ‘रोज पहाटे साडेचारला उठली.’ त्या दिवशी ती ओळ तिने स्वतः काढून वाचली.

लहान मुलांसाठी पहिला दात पडणं, रात्री एकटं झोपणं, दुकानातून सुट्टे पैसे बरोबर आणणं, पहिली पोळी. तरुणांसाठी पहिला पगार आणि पहिल्यांदा स्वतः भरलेलं लाइट बिल. मोठ्यांसाठी कर्जाचा शेवटचा हप्ता, सुटलेली तंबाखू, ऑपरेशननंतर उघडलेली पट्टी, निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार. हा सोमवार विसरू नका. निरोपसमारंभ ऑफिस करतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डबा न घेता माणूस खुर्चीत बसतो, तेव्हा घराने काहीतरी करावं लागतं.

आकड्यांचे टप्पेही मजेचे असतात. मूल एक हजार दिवसांचं होतं ते पावणेतीन वर्षांना चार दिवस कमी असताना. दहा हजार दिवस होतात सत्तावीस वर्षं साडेचार महिन्यांच्या सुमारास. आणि सहस्रचंद्रदर्शन? दोन पौर्णिमांमध्ये २९.५३ दिवस, हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि साधारण १० महिने. ऐंशी पूर्ण झाली की लगेच करायची घाई नको, हिशोब करून तारीख काढा.

दुःखाचं वर्ष

सायकलचा तो दिवस सासरे जाऊन आठ महिने झाले होते तेव्हाचा. घरात त्या वर्षी सण धरले नव्हते. गुढी उभारली नाही, राखी बाहेरून आलेलीच बांधली, फराळ शेजाऱ्यांनी दिला तेवढाच. सासूबाईंनी आठ महिने हळदी-कुंकवाच्या डबीला हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी त्या आपणहून उठल्या आणि निरांजन मागितलं. मी काही विचारलं नाही, वात वळायला घेतली.

तुमच्या घरी असं वर्ष आलं तर घरातल्या सगळ्यात दुखावलेल्या माणसाला विचारल्याशिवाय काही करू नका, आणि त्यांनी केलं तर अडवू नका. सण एक वर्ष थांबू शकतो, पुढच्या वर्षी येतोच. मुलाची सायकल थांबत नाही. गोड पदार्थ नको वाटला तर साखरेचे चार दाणे पुरतात. वहीत ओळ मात्र लिहा.

लांबची माणसं, आणि राहून गेलेले दिवस

मुलगी आता पुण्याला नोकरी करते. व्हिडिओ कॉलवर तिच्याकडे मोबाइल फिरवत औक्षण दाखवणं आम्ही एकदा करून पाहिलं, पण तिला त्याने अधिकच परकं वाटलं. आता उलटं करतो. तिच्या खोलीवर तिला एक छोटं निरांजन दिलंय. तिचा टप्पा असेल तेव्हा ती ते लावते, त्याच दिवशी दोन्हीकडे एकच पदार्थ होतो, आणि ती फोनवर ओळ सांगते, मी वहीत लिहिते. तिच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता.

दिवस राहून जातात. पाहुणे येतात, ताप येतो, ऑफिसात उशीर होतो. राहिलेला दिवस कॅलेंडरवर पेन्सिलने चौकोन करून ठेवा आणि पंधरा दिवसांच्या आत, येत्या रविवारी, पोह्यांच्या वेळी उरकून घ्या. पंधरा दिवस गेले तर सोडून द्या, वहीत तेवढी ओळ लिहा आणि पुढे चला. दोन राहिलेले दिवस एका रविवारी मात्र करू नका. एकाचा दिवस दुसऱ्याच्या पोटात जातो आणि लहान मुलांना ते बरोबर कळतं.

आमच्या कॅलेंडरवर सध्या एक चौकोन आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, परवा त्यांनी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला. यंदा त्यांची चिठ्ठी ह्यांच्याकडे आहे, तेव्हा रविवारी तबक हे काढणार. सासूबाईंनी भुट्ट्याचा कीस मागितलाय. कोवळे भुट्टे शनिवारी संध्याकाळीच आणायला हवेत, दहा तरी, कारण किसल्यावर फार उरत नाहीत.